आडवा सात, उभा पाच

या रविवारच्या पुरवणीला युद्ध हवं,
खैरनार म्हणाले, चहाची बशी माझ्या फूटपट्टीवर ठेवत.
नऊ बाय नऊ. सगळे शब्द लढाईचे.
बुधवारपर्यंत द्या, गुरुवारी वीज नसते.

एकवीस वर्षं मी कोडी रचतोय
धुळ्यात, आग्रा रोडमागच्या गल्लीत.
खाली शेवेची कढई, वर छापखाना,
त्यामुळे माझ्या शब्दांना थोडा ओव्याचा वास.
युद्ध मी पाहिलेलं नाही.
लळिंगला शाळेची सहल नेली होती एकदा,
एका पोराचा गुडघा फुटला,
तेवढंच रक्त, किल्ल्यावरचं.

तरी शब्द भराभर आले.
समर. खंदक. कुमक.
'सुटला की मालकाचा राहत नाही', दोन अक्षरं: बाण.
'दोघेही दमले की लिहितात', दोन अक्षरं: तह,
तो बसला कोपऱ्यात, नेहमीसारखा.
शांतता बसेना.
ती घालायची तर तोफ काढावी लागत होती.
तोफ ठेवली.

आडवा सात: रणातून परत न आलेला, तीन अक्षरं.
उभा पाच: माणूस गेला तरी मागे राहतो, दोन अक्षरं.
हुतात्मा. आत्मा.
दोघांची गाठ शेवटच्या घरात, 'त्मा'वर.
असं जोडाक्षर जुळलं की मला
मे महिन्यात माठाला हात लावल्यासारखं होतं.

एकशे त्रेसष्ट पोस्टकार्डं आली.
शिरपूरच्या वकिलांना कुमक सुटली नव्हती.
बेटावदच्या कौतिकबाई सुपडू भदाणे यांना सुटली होती,
शिसपेन्सिलीने, प्रौढ वर्गातल्या गोल अक्षरात,
प्रत्येक अक्षर घराच्या मधोमध,
भिंतीला कुठे अंग लागू न देता.

आडवा सात: बेपत्ता.
उभा पाच: पत्ता.

लाल पेनाचं टोपण मी काढलं होतं.
मग बोटावर मोजलं.
बे, प, त्ता. तीन.
प, त्ता. दोन.
गाठ शेवटच्या घरात.
वर काळं, खाली काळं, कुठे काही ढळत नाही.
माझ्याच चौकटीत
माझ्याहून घट्ट बसलेलं.

आणि कडेला, जिथे काही लिहू नये असा नियम आहे, तिथे:
'तार उनी व्हती. सुपडू भदाणे, बेपत्ता.
दुसरी तार आजून उनी नही.
मी घर बदलं नही, भाऊ.
दार बी तेच शे.'

खैरनार म्हणाले, वाईट वाटतं,
पण एका कोड्याला दोन उत्तरं म्हणजे
उद्या प्रत्येक जण उठेल.
स्टीलचा डबा चिठ्ठीत दोंडाईच्याच्या कंपाउंडरला गेला.
वादात संपादकांचा निर्णय अंतिम,
हे वाक्य मीच लिहिलेलं, पहिल्या वर्षी.

रात्री उत्तरांचा खिळा जुळवताना
इच्छारामला म्हटलं, हुतात्माच्या पुढे 'किंवा' टाक.
किंवा काय?
नुसतं किंवा, मी म्हटलं, जागा सोड.
त्याने माझ्याकडे पाहिलं आणि
तीन अक्षरांची जागा सोडली.

तिला पत्र लिहायला बसलो.
श्रीमती कौतिकबाई सुपडू भदाणे,
मुक्काम पोस्ट बेटावद, तालुका शिंदखेडा.
हे सरळ लिहून झालं.
मग कार्ड उलटलं,
आणि खालची कढई विझेपर्यंत
ती बाजू तशीच होती.
टाकलं नाही. खणात आहे.

शिरपूरच्या एका हेडमास्तरांनी विचारलं,
'किंवा'नंतर शाई संपली का?
छापायचं राहिलं, असं कळवलं.

पुढच्या रविवारी विषय भाजीपाला होता.
बेटावदचं कार्ड मंगळवारीच आलं.
सगळं बरोबर, फक्त
'भरीत'ची वेलांटी ऱ्हस्व.
ती मी सोडून दिली.